टेंडरमध्ये न लिहिलेली किंमत

सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते असे आपण म्हणतो. राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे पैसेही घेतले जात नाहीत. पण वाचकहो, फुकट मिळणारी वस्तू कोणीतरी विकत घेतलेलीच असते. गोळी, सुई, गादीवरची चादर, रुग्णवाहिकेची फेरी, डायलिसिसचे मशीन, झाडूवाल्या मावशीचे श्रम, हे सगळे सरकार आपल्या पैशातून आपल्यासाठी विकत घेते. ते कसे घेते, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

घरची बाई बाजारात गेली तर केवळ भाव विचारून परत येत नाही. वस्तू टिकेल का, कोणाकडून घेतली, डबा पुन्हा वापरता येईल का, हे सारे ती पाहते. सरकारी खरेदीत मात्र पात्र ठरलेल्यांत ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. ही पद्धत वाईट हेतूने आली असे नाही; अधिकाऱ्याच्या मर्जीला वेसण घालण्यासाठी ती आली, आणि तिचा उपयोगही झाला. पण दर आणि किंमत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रिकामी बाटली कोठे जाणार, मशीन पाणी किती पिणार, कचरा उचलणाऱ्याच्या हातात मोजे असणार की नाही, हे दरात धरलेले नसते. ती राहिलेली किंमत गाव भरते, आणि तिची पावती मिळत नाही.

रोज डोळ्यांसमोर असलेल्या सलाईनच्या बाटलीचेच उदाहरण घेऊ. हट्टा-वसमत हा आपला हळदीचा पट्टा. काढणीचे आणि हळद शिजवण्याचे दिवस आले, की उन्हात राबून थकलेली माणसे दवाखान्यात येतात आणि म्हणतात, "डॉक्टरसाहेब, एक बाटली लावा, ताकद येईल." आता त्या बाटलीत काय असते ते पाहा. अर्ध्या लिटरच्या पाच टक्के ग्लुकोजमध्ये २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे १०० कॅलरी. एक भाकरी खाल्ली तर याहून जास्त शक्ती मिळते. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, बस. ज्याला तोंडाने पाणी पिता येते त्याला यातून तोंडाने न मिळणारे असे काहीच मिळत नाही. मागे उरते ते प्लॅस्टिकची बाटली, नळी, सुई आणि चिकटपट्टी.

उलट क्षार-संजीवनीची पुडी पाहा. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटायला लावले. ते पाजायला नातेवाईकच पुढे झाले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. पुढे १९७८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकाने या शोधाला शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले. एक लिटर पाण्याला एक पुडी, कचरा बोटभर कागदाचा. उलटीने काहीच पोटात टिकत नसेल, रुग्ण शुद्धीवर नसेल किंवा शोष फार झाला असेल, तर सलाईन लागतेच आणि ते तातडीने लागते. त्याबद्दल वाद नाही. पण खरेदीच्या यादीत सलाईनचे खोके किती आणि पुड्या किती, यावरून त्या दवाखान्याची उपचाराची सवय समजते. खरेदी ही शेवटी सवयीचीच असते.

आता रिकामी बाटली. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आपल्या देशात १९९८ साली आले आणि २०१६ साली नवे झाले. पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी वर्गवारी आहे. बाटली आणि नळी लाल पिशवीत, सुई न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात. लाल पिशवीतले प्लॅस्टिक वाफेने निर्जंतुक करून, तुकडे करून पुन्हा वापरात आणायचे असते. ७५ किलोमीटरच्या आत सामुदायिक प्रक्रिया केंद्र असेल तर दवाखान्याने स्वतःची भट्टी लावायची नाही, कचरा तिकडेच द्यायचा. नियम उत्तम आहे. पण केंद्राची गाडी मोठ्या गावाला येते आणि आडवळणाच्या दवाखान्यापर्यंत येईतो तिचे दिवस लांबतात. मग दवाखान्याच्या मागे खड्डा आणि काडेपेटी. प्लॅस्टिकच्या काही नळ्या, मोजे आणि पिशव्या यांत क्लोरीन असते; ते उघड्यावर जळले की डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात. ती चरबीत साठतात, आणि म्हणून दुधात उतरतात. त्या खड्ड्याजवळ चरणारी म्हैस कोणाची आहे, हे टेंडर काढणाऱ्याला ठाऊक नसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर गैरसमज होईल. आमच्या विद्यार्थिदशेत काचेची सिरिंज उकळून वापरीत. ते दिवस परत यावेत असे मी मुळीच म्हणत नाही. कावीळ ब आणि एड्स यांनी एकदाच वापरायच्या सुईची गरज सिद्ध केली आहे. पण सुईचा न्याय चादरीला, गाऊनला लावायचे कारण नाही. कापडी गाऊन धुवून, निर्जंतुक करून पुन्हा वापरता येतो. तो फेकून द्यायचा कधी सुरू झाला, तर खोक्यात भरून येणारा तयार माल घेणे सोपे झाले तेव्हा. धोबीघाट चालवण्यापेक्षा कंपनीचे बिल काढणे सोपे.

पाण्याची गोष्ट मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्याच वर्षी केंद्राने जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची योजना आखली, आणि त्यातून अनेक घरे उद्ध्वस्त होण्यापासून वाचली. पण एका वेळच्या चार तासांच्या डायलिसिसला सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते. ते गाळून तयार करताना जवळपास तितकेच पाणी बाजूला टाकले जाते, आणि बहुतेक ठिकाणी ते थेट गटारात जाते. हे टाकलेले पाणी रुग्णाच्या अंगाला लागलेले नसते. त्यात फक्त क्षार जास्त असतात. संडास धुवायला, फरशी पुसायला ते चालते. डायलिसिसचा ठेका देताना "टाकाऊ पाणी टाकीत साठवून वापरावे" एवढे एक वाक्य घालायला काय खर्च येतो? एक टाकी आणि थोडा पाईप! आणि जो रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा एसटीने जाऊन येतो, त्याच्या रोजगाराचा आणि सोबत जाणाऱ्या माणसाच्या रोजगाराचा हिशेब तर कोणत्याच कागदावर नसतो. डायलिसिसचे केंद्र तालुक्याला असावे की जिल्ह्याला, हे ठरवताना तो हिशेब धरला पाहिजे.

काही किंमत आपल्यापासून फार लांब भरली जाते. हैदराबादजवळ पाटनचेरूला औषधांच्या कच्च्या मालाचे अनेक कारखाने आहेत. २००७ साली स्वीडनच्या संशोधकांनी तेथील प्रक्रिया केलेले सांडपाणी तपासले, तर त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत निघाले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते एवढे नसते. अशा पाण्यात जगणारे जंतू त्या औषधाला पुरते सरावतात. तेथील ओढे मांजरेला मिळतात. मांजरा आपल्या बीड जिल्ह्यात उगम पावते आणि शेवटी गोदावरीला जाते. स्वस्त गोळीचा दर कमी का, तर सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च कधीकधी त्यात धरलेलाच नसतो. नॉर्वेत रुग्णालयांसाठी प्रतिजैविके घेताना कारखान्याच्या प्रदूषणाला गुण ठेवतात. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने एप्रिल २०२२ पासून प्रत्येक खरेदीत किमान दहा टक्के गुण पर्यावरण आणि समाजहित यांसाठी राखले आहेत. दहा टक्के म्हणजे काही फार नव्हे. पण दोन टेंडरे जवळजवळ सारख्या दराची असली तर तेवढ्याने पारडे फिरते.

यावर कोणी म्हणेल, "डॉक्टर, येथे औषधच मिळत नाही आणि तुम्ही पर्यावरणाचे काय घेऊन बसलात?" आक्षेप रास्त आहे. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा होता असे नातेवाईक सांगत होते. साठा पुरेसा होता असे शासनाने सांगितले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याआधी राज्याची औषध खरेदी २०१७ पासून हाफकिनकडे होती आणि २०२३ मध्ये कायद्याने वेगळे प्राधिकरण स्थापन झाले. आपल्या भागातला गंभीर रुग्ण नांदेडलाच जातो, म्हणून ही बातमी आपल्याला परक्या गावची वाटली नाही. वेळेवर औषध ही पहिली अट, बाकी सगळे नंतर. याविषयी माझे दुमत नाही. मात्र या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. तामिळनाडूने १९९४ साली औषध खरेदीसाठी महामंडळ काढले, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामे बांधली आणि कोणत्या दवाखान्यात किती माल खपला याचा हिशेब ठेवला. हिशेब असला की तुटवडा टळतो, तसा अतिसाठाही टळतो. आपल्याकडे मार्चअखेर निधी संपवण्यासाठी घेतलेली औषधे मुदत संपून पडून राहतात, आणि मुदतबाह्य औषध हाही पिवळ्या पिशवीचाच कचरा. एकदा खरेदीचे पैसे, एकदा जाळण्याचे पैसे. औषधे एकत्रित खरेदीनेच घ्यावीत, ती स्वस्त आणि तपासलेली मिळतात. मात्र चादरी, धुलाई, जेवण, सफाई, दुरुस्ती ही कामे मुंबईहून ठरवण्याची गरज नाही.

येथे मला सर्वांत जास्त खटकते ती सफाईची खरेदी. माणसांच्या श्रमांचेही टेंडर निघते आणि तेथेही सर्वांत कमी दराला मान. ठेकेदार दर कमी करतो तो कोठून? मजुरीतून, मोज्यांतून आणि बुटांतून. २०१६ च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे, की असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ ब आणि धनुर्वात यांची लस दिली पाहिजे, संरक्षणाची साधने दिली पाहिजेत. मी माझ्या दवाखान्यात अशा कामावरच्या बाया-माणसांना विचारतो. "सुई टोचली होती का कधी?" तर हसून "लई वेळा" म्हणतात. "काविळीची लस घेतली का?" तर "ती काय असते?" लसीचे तीन डोस असतात आणि ती महाग नाही. ठेक्याचे बिल काढण्यापूर्वी लसीकरणाची यादी मागितली, तर महिन्याभरात सर्वांना सुया टोचल्या जातील, या वेळी कामाच्या.

चादरी आणि गाऊन शिवण्याचे काम जिल्ह्यातील बचत गट करू शकतात. २०२० साली कोरोनाच्या काळात राज्यभर बचत गटांच्या बायकांनी मास्क शिवले, तेव्हा त्यांच्या कामाबद्दल कोणी शंका घेतली नाही. अडचण शिवणाची नाही, बिलाची आहे. मोठी कंपनी सहा महिने थांबू शकते. दहा बायांचा गट कापडाची उधारी घेऊन सहा महिने थांबू शकत नाही. नोंदणी केलेल्या लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत, उशीर झाला तर व्याज द्यावे, असा कायदा २००६ पासून आहे. गटाने ती नोंदणी करून घ्यावी आणि पंचेचाळीसाव्या दिवशी बिलाची प्रत घेऊन कार्यालयात बसावे.

प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. गावाला आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते आणि तिच्याकडे थोडा अबंधित निधीही येतो. या समित्यांवर आपलीच माणसे असतात. बहुतेक बैठकांत रंगरंगोटी आणि खुर्च्या यांवर चर्चा होते, सह्या होतात, चहा होतो. पुढच्या बैठकीत कोणी एवढेच विचारावे, की कचऱ्याची गाडी गेल्या महिन्यात कोणत्या तारखांना आली. तिची नोंदवही दवाखान्यात ठेवावीच लागते; ती टेबलावर मागवून घ्यावी.