पाना कुणाच्या हाती?

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी आमच्या जुन्या मोटारीखाली उताणा पडलो होतो. गिअर बॉक्समधले तेल बदलायचे, एवढाच माफक बेत होता. हाताशी रिंग पाने, बॉक्स पाने, अ‍ॅलन की असा सगळा जामानिमा होता. तेल सोडण्याचा बोल्टही सापडला. पण त्याला पान्यात धरायला डोकेच नव्हते. मधोमध चौकोनी खड्डा, आठ मिलिमीटरचा. माझ्या संचातले एकही हत्यार त्यात बसेना. सहा कोनांची अ‍ॅलन की घालून जोर लावला, तर ती गरकन फिरली आणि खड्ड्याचे कोपरे किंचित झिजले. तेवढ्यात वरून आवाज आला, "अहो, दुरुस्ती गाडीची चाललीय की तुमची?" मी मुकाट्याने बाहेर आलो.

बोल्ट सुटला नव्हता, म्हणून गाडी चालवत कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडे नेता आली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "साहेब, तेल भरायचा वरचा बोल्ट सुटतो का, ते आधी बघितलं का? खालचा सोडून तेल काढलं आणि वरचा अडला, तर रिकाम्या गिअर बॉक्सची गाडी इथवर आणली असती कशी?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मग त्यांनी भंगारातून चौरस गजाचा तुकडा उचलला, ग्राइंडरवर घासून आठ मिलिमीटरचा केला, खड्ड्यात ठोकून बसवला आणि वरून पाना लावला. बोल्ट सुटला. त्याच्या टोकाच्या चुंबकाला चिकटलेली काळी भुकटी त्यांनी बोटावर चोळून पाहिली. "भुकटी चालते. लोखंडाचे तुकडे निघाले असते, तर काळजी होती," म्हणाले. नवा वायसर टाकून तासाभरात काम उरकले.

बोल्टाचे डोके असे चमत्कारिक का करावे, असे मनात आलेच. पण कंपनीवर राग काढण्यापूर्वी थोडा न्याय केला पाहिजे. बाहेर आलेले डोके रस्त्यावरच्या दगडाला आपटू शकते. आत दडलेला खड्डा सुरक्षित राहतो. कॅनडातल्या पीटर रॉबर्टसन यांनी १९०९ साली चौकोनी खाचेच्या स्क्रूचे पेटंट घेतले. सरळ खाचेतून पेचकस निसटतो, चौकोनात तो घट्ट बसतो, हा त्याचा फायदा. १९६७ साली आलेल्या सहा पाकळ्यांच्या टॉर्क्सलाही तसेच तांत्रिक कारण होते. म्हणजे वेगळा आकार हा दरवेळी डाव नसतो.

पण नवा आकार आणि कुलूप यांत फरक आहे. चौकोनी पाना बाजारात मिळतो, नाही मिळाला तर घासून करता येतो. मिस्त्रींची खरी व्यथा पुढेच होती. "लोखंड मी घासून काढीन हो. पण नव्या गाडीत दिवा लागला की आधी लॅपटॉप जोडावा लागतो. त्यातलं सॉफ्टवेअर कंपनीकडं. तिथं ग्राइंडर काय कामाचा?" त्यांच्या हाताखाली दोन मुले शिकताहेत. ती उद्या काय करणार, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. पण तो गॅरेजमध्ये उभा होता.

हा प्रश्न आपल्याकडे सरकारदरबारी पोहोचलेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, हा ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असेही आयोगाने बजावले. पुढे प्रकरण अपिलात गेले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्येच दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला होता. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत समिती नेमली आणि डिसेंबरात या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. मोटारी, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि शेतीची अवजारे असे चार विभाग त्यात धरले आहेत.

शेतीची अवजारे त्यात आहेत, हे महत्त्वाचे. माझी मोटार आठवडाभर उभी राहिली तर मी रिक्षाने जाईन. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर उभा राहिला तर वाफसा थांबत नाही.

कंपन्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. विजेवरच्या मोटारीत उच्च दाबाची वीज खेळते; तिथे प्रशिक्षणाशिवाय हात घालणे जिवावर बेतेल. पण त्यावर उपाय प्रशिक्षण हा आहे, बंदी हा नव्हे. माहितीपुस्तिका, सुटे भाग आणि तपासणीची साधने वाजवी किमतीत उघड विकली जावीत, शिकलेल्या मिस्त्रीला ती घेता यावीत. संकेतस्थळावर माहिती देणे कंपन्यांच्या मर्जीवर न सोडता कायद्याने बांधून घ्यावे. आणि आपणही गाडी किंवा फ्रिज घेताना एक प्रश्न विचारावा: हे बिघडले तर उघडणार कोण?

निघताना मिस्त्रींनी तो घासलेला तुकडा माझ्या हातात ठेवला. "राहू द्या तुमच्याकडं. पुढच्या वेळी लागेल." तो मी घरच्या पान्यांच्या पेटीत ठेवला आहे. पैसे विचारले, तर त्यांनी फक्त तेलाचे आणि मजुरीचे घेतले.