गॅरेजच्या जमिनीचा हिशेब

देसाईगंज (वडसा) हे दीर्घकाळ गडचिरोली जिल्ह्यातील एकमेव रेल्वे स्थानक राहिले. धानाचा व्यापार व राईस मिल येथे वाढल्या, त्यांच्यामागे ट्रक-ट्रॅक्टर आले आणि वाहनांमागे दुरुस्तीची गॅरेजे. गाळा बांधताना मालकाचे लक्ष शटर, पत्रे व वीजजोडणीकडे असते. जमिनीचा निर्णय शेवटी होतो, तोही बहुधा दुकानातील कोरडा, चकचकीत नमुना पाहून.

पावसाळ्यात चिखलाने माखलेला ट्रॅक्टर आत येतो, पाण्यात इंजिन ऑइल मिसळते आणि त्याच देखण्या टाइलवर नट आवळणाऱ्या मिस्त्रीचा पाय सटकतो. कमरेला इजा झालेला कारागीर महिनोन्‌महिने घरी बसला, तर त्याच्या घरची चूल आणि मालकाचा धंदा दोन्ही अडतात. अंदाजपत्रकात या रकमेचा रकाना नसतो. शिवाय जॅकचा सारा भार एका जागी येतो व खाली पोकळी राहिलेली टाइल तडकते. शहाबादी फरशी तेल पिते. कोटा कठीण खरा, पण पॉलिश केलेला ओला कोटा घसरतोच.

अशा जागी नीट घातलेले साधे काँक्रीटच उजवे ठरते. मुरूम थराथराने टाकून, पाणी मारून धुमस करावा. वर प्लास्टिकचा जाड कागद अंथरावा, म्हणजे ओल वर चढत नाही. त्यावर दुचाकी व मोटारींसाठी 4 इंच काँक्रीट पुरते. ट्रक येणार असतील तर 6 इंच व लोखंडी जाळी हवी. सुमारे 10 फुटांवर सांधे आणि दाराकडे 100 फुटांस 1 फूट उतार ठेवावा. गवंडी हौसेने लोखंडी थापीने घोटून पृष्ठभाग आरशासारखा करू लागतो. तेथे त्याचा हात थांबवावा. लाकडी थापी फिरवून खराट्याच्या बारीक रेघा ओढून घ्याव्यात. नंतर किमान 7 दिवस, पोझोलाना सिमेंट असल्यास 10 दिवस, पृष्ठभाग सतत ओला ठेवावा. घाई नेमकी येथेच होते, कारण उद्घाटनाचा मुहूर्त आधीच काढलेला असतो.

इपॉक्सीचा लेप 28 दिवसांनंतर, वाळूचे कण मिसळूनच द्यावा. टाइलच हवी असेल तर घसरणरोधाचा आर-आकडा विचारावा. आर-9 कार्यालयास ठीक, तेलकट जागेस आर-11 वा आर-12 लागतो. दुकानदाराकडून एक तुकडा मागून घ्यावा, त्यावर पाणी व चमचाभर वापरलेले ऑइल ओतावे आणि चप्पल घासून पाहावी. मगच ऑर्डर द्यावी.