मुकुट देणारा हात

२५ डिसेंबर ८०० रोजी रोमच्या सेंट पीटर चर्चमध्ये पोप लिओ तिसरा याने फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या डोक्यावर सम्राटाचा मुकुट ठेवला. दोघांत दुबळा कोण, हे उघड होते. आदल्याच वर्षी विरोधकांनी भर मिरवणुकीत लिओवर हल्ला केला होता. जीव वाचवून तो पाडरबोर्नला शार्लमेनच्या आश्रयाला गेला, त्याच्याच माणसांच्या पहाऱ्यात रोमला परतला, आणि या सोहळ्याच्या दोनच दिवस आधी भरसभेत शपथ घेऊन त्याला स्वतःवरचे आरोप झटकावे लागले. असा आश्रित राजाला सम्राट करत होता.

पोपचा बेत आधी कळला असता तर त्या दिवशी चर्चमध्ये पाऊलच ठेवले नसते, असे शार्लमेन म्हणाल्याचे त्याचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो. हे जसेच्या तसे पटत नाही; एवढा सोहळा उत्सवमूर्तीच्या नकळत कसा होईल? पण काहीतरी सलले असावे. ८१३ मध्ये मुलगा लुई याला सहसम्राट केले ते आखेनला, स्वतःच्या चर्चमध्ये, पोपशिवाय.

मुलाने ते टिकवले नाही. ८१६ मध्ये पोप स्टीफन चौथा आल्प्स ओलांडून रीम्सला आला, तेव्हा लुईने त्याच्यापुढे लोटांगण घातले आणि त्याच्या हातून पुन्हा मुकुट घेतला. लुई मनापासून भाविक होता. त्याला यात कमीपणा वाटला नसेल. त्याचा मुलगा लोथार ८१७ पासून सम्राट होताच, तरी ८२३ मध्ये रोमला जाऊन त्यानेही पोपकडून मुकुट घेतला. वहिवाट पडली की तिचा हक्क होतो. पुढच्याच वर्षी लोथारने रोमवर नियम लादला: नव्या पोपने पदग्रहणापूर्वी सम्राटाशी निष्ठेची शपथ घ्यावी. कलम कडक होते, पण ते पाळून घ्यायला आल्प्सपलीकडे एकदिलाचे राज्य हवे. लुईची मुले आपसांत लढली आणि ८४३ मध्ये वर्दूनच्या तहाने राज्याचे तीन तुकडे झाले.

आता मुकुटाला दावेदार अनेक आणि देणारा एक. ८७५ मध्ये लोथारचा मुलगा सम्राट लुई दुसरा मुलाविना वारला. त्याच्या दोन काकांपैकी पोप जॉन आठवा याने टकल्या चार्ल्सला निवडले आणि नाताळच्याच दिवशी रोममध्ये मुकुट घातला. जॉनला मोबदल्यात अरब हल्लेखोरांविरुद्ध फौज हवी होती. ८७७ मध्ये चार्ल्स इटलीत आला खरा. पण पुतण्याचे सैन्य चालून येत असल्याचे कळताच तो माघारी फिरला आणि वाटेतच वारला. पोपला अरबांना खंडणी भरावी लागली.