कोअर मोजणाऱ्यांनो...

"पोराला गेमिंगसाठी प्रोसेसर कुठला घेऊ?" असं विचारलं की दुकानदार १६ कोअरवाला दाखवतो, वर नवा मदरबोर्डही गळ्यात मारतो. अहो, गेमला एवढे कोअर लागतात कुठे!

२०२२ मध्ये आलेला ८ कोअरचा रायझन ५८००एक्स३डी बहुतेक गेम्समध्ये १६ कोअरच्या ५९५०एक्सला मागे टाकतो. कारण कॅश! याच्याकडे सलग ९६ एमबी, त्याच्याकडे ६४ आणि तीही दोन तुकड्यांत. म्हणजे रॅमकडे हेलपाटे कमी. शिवाय २०१७ च्या बऱ्याच एएम४ मदरबोर्डांवर तो बायोस अपडेट केला की बसतो.

४के वर खेळायचं असेल तर खरा भार ग्राफिक्स कार्डावरच पडतो. तेव्हा मंडळी, पैसे तिकडे घाला. कोअर मोजून फुशारकी मारता येते, फ्रेम्स वाढत नाहीत!