घासाघीस भावाची, सत्याची नव्हे

दसरा किंवा धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर नवे वाहन दारी आणावयाचे, म्हणजे त्याआधी जुने निघावयास हवे. त्यामुळे या दिवसांत आपल्या घरांत जुन्या गाडीच्या भावाची चर्चा हटकून होते. दुकानात ‘एकच भाव’ अशी पाटी लावणारे गृहस्थही येथे घासाघिशीला बसतात, आणि त्यात वावगे काही नाही. एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्या आठ वर्षांनंतर सारख्या राहत नाहीत. जुन्या वाहनावर छापील किंमत नसते. देणारा आणि घेणारा यांच्या बोलण्यातूनच ती ठरते. या बोलण्यात काय चालावे आणि काय चालू नये, एवढाच प्रश्न आहे.

त्याचे उत्तर आपल्या प्रतिक्रमणातच आहे. श्रावकाच्या दुसऱ्या अणुव्रतात स्थूल असत्याचे पाच प्रकार येतात : कन्यालीक, गवालीक, भूम्यलीक, न्यासापहार आणि कूटसाक्ष्य. गवालीक म्हणजे गाय-बैलांविषयी खोटे बोलणे, थोडे दूध देणारी गाय भरपूर दुभती म्हणून विकणे. बाजारात शेकडो जिनसा असताना येथे जनावराचाच वेगळा उल्लेख का असावा? जनावराची खोड आणि दुखणे मालकाला ठाऊक असते. घेणाऱ्याने दात पाहिले, चालवून पाहिले, तरी सर्व कळत नाही. आज बैलाच्या जागी वाहन आले, परंतु एकाला ठाऊक आणि दुसऱ्याला अज्ञात ही स्थिती तशीच राहिली. तिसऱ्या अणुव्रताचे अतिचारही येथे तंतोतंत लागू पडतात. किलोमीटरचे मीटर मागे फिरविणे हे कूटमान, म्हणजे खोटे माप होय. नकली सुटे भाग बसवून ते अस्सल म्हणून सांगणे हा तत्प्रतिरूपक व्यवहार होय. आणि देखभालीच्या खोट्या नोंदी तयार करणे हा दुसऱ्या व्रतातील कूटलेख होय.

मग सौद्यात काही झाकावयाचेच नाही काय? तसे नाही. आपण कोठवर उतरण्यास किंवा चढण्यास तयार आहोत, ही आपल्या मनातील गोष्ट आहे. ती उघड करण्याचे बंधन कोणावरही नाही. जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटे धरून सौदा करण्याची रीत आहे. तेथे भाव झाकलेला असतो, पण जनावर उघड्यावर उभे असते. वाहनाच्या सौद्यातही हीच मर्यादा पाळावी.

घेणाऱ्याचे अर्धे काम बोलणी सुरू होण्यापूर्वीच झालेले असावे. त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या चार-पाच गाड्यांचे आपल्या शहरातील भाव पाहून आपली वरची मर्यादा ठरवावी आणि ती घरातील एका व्यक्तीस सांगून ठेवावी, म्हणजे भरीस पडून ती ओलांडली जात नाही. गाडी दिवसाउजेडी आणि इंजिन थंड असताना पाहावी. ‘आम्ही येण्यापूर्वी सुरू करू नका’ असे आधी कळवावे. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जळत आहे, असे समजावे. टायरवरील चार अंकी खुणेत पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढील दोन वर्षाचे असतात; २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. मीटर तीस हजार दाखवीत असून ब्रेकच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर चौकशी करावी. सीटबेल्ट पूर्ण ओढून पाहावा. त्यावर चिखलाची रेघ दिसल्यास गाडी पुराच्या पाण्यात राहिली असण्याचा संभव असतो.

जे दोष सापडतील त्यांचा खर्च मेकॅनिककडून रुपयांत मांडून घ्यावा. ‘गाडीत काही दम नाही’ असे म्हटल्याने विकणारा दुखावतो, भाव मात्र उतरत नाही. ‘दोन टायर आणि क्लच बदलावे लागतील, त्याचा हा हिशेब’ असे म्हटल्यास त्याला उत्तर द्यावे लागते. आपला आकडा सांगितल्यावर थोडे शांत बसावे. घाईने पुढे बोलणारा पुष्कळदा स्वतःचाच आकडा वाढवितो. ‘दुसरीकडे हीच गाडी स्वस्त मिळते आहे’ हे वाक्य खरे असेल तरच उच्चारावे.

विकणाऱ्यानेही अपेक्षेपेक्षा थोडा वरचा भाव सांगण्यास हरकत नाही. समोरचा तो उतरविणार हे दोघेही जाणतात. परंतु नसलेले ‘दुसरे गिऱ्हाईक’ उभे करू नये. गाडीला अपघात झाला असेल, गिअरबॉक्सचे काम निघाले असेल, तर ते प्रथमच सांगावे. हा केवळ धर्माचा उपदेश नाही, उत्तम व्यापारही आहे. आपण सांगितलेला दोष भावातून एकदा वजा होतो. घेणाऱ्याला सापडलेला दोष मात्र आपल्या बाकीच्या बोलण्यावरही संशय आणतो, आणि त्या संशयापोटी तो दोषाच्या खर्चापेक्षा कितीतरी अधिक कापून मागतो.

इसार दिला-घेतला की घासाघीस संपली. त्यानंतर कोणी अधिक देऊ केले म्हणून विकणाऱ्याने फिरू नये, आणि गाडी नेण्याच्या दिवशी घेणाऱ्याने नवी खुसपटे काढू नयेत. येथून पुढे कागद चोख हवेत. नमुना २९ व ३० वर सह्या करून भागत नाही. नोंदणीपुस्तकात नाव बदलेपर्यंत पाठपुरावा करावा. नोंद झाली नाही तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. गाडी सोपविल्याची तारीख व वेळ लिहून दोघांनी सह्या कराव्यात. कर्ज असल्यास बँकेचा दाखला घेऊन नोंदणीपुस्तकातील बोजा उतरवावा आणि थकलेली चलने आधी भरावीत. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारणे आयकर कायद्यास मंजूर नाही. गाडी पेढीच्या नावावर असेल तर जीएसटीचा प्रश्न आपल्या कर-सल्लागाराकडून आधीच समजून घ्यावा. कागदावर कमी आणि हातात जास्त, हा प्रकार तर विरुद्धराज्यातिक्रमच होय.

आणखी एका प्रसंगाचा विचार करावयास हवा. कर्ता पुरुष गेल्यानंतर एखादी भगिनी त्याची गाडी विकावयास काढते. तिला भाव ठाऊक नसतो, हप्ते डोक्यावर असतात, आणि ती जो आकडा सांगते तो बाजारभावाच्या निम्माच असतो. अशा वेळी आपण खोटे काहीच बोललो नाही, गप्प राहिलो आणि पैसे मोजले, तर अडविणारे कोणी नाही. कायदाही बोट दाखविणार नाही. तरीही तिला बाजारभाव सांगून, योग्य दर देऊनच ती गाडी घ्यावी. घासाघीस बरोबरीच्या माणसांत शोभते. अडलेल्याशी केलेली घासाघीस ही त्याच्या अडचणीची वसुली असते.

अशा सौद्यात चाळीस-पन्नास हजार हाती लागतील वा सुटतील. परंतु हे बोलणे चालू असताना आपला मुलगा किंवा सून शेजारी बसून ऐकत असते, आणि उद्या पेढीवर गिऱ्हाइकाशी तेच शब्द वापरणार असते. वडिलांनी मीटर फिरविलेले ज्याने पाहिले, त्याला पुढे तराजू सांभाळण्याचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा?