नळीवर दुकान, नळीखाली साल

दक्षिण भारतातल्या संग्रहांत येणाऱ्या जुन्या शिकारी बंदुकांवर ‘पी. ऑर अँड सन्स, मद्रास’ असे नाव कोरलेले आढळते. काहींवर जोडीला रंगूनही असते. माउंट रोडवरची, म्हणजे आजच्या अण्णा सालईवरची या पेढीची इमारत १८७९ची, रॉबर्ट चिझम यांनी आखलेली. पेढीची मुख्य ख्याती घड्याळांची. अशा बड्या दुकानांतल्या बंदुका प्रायः बर्मिंगहॅमला घडत आणि नळीवर नाव विकणाऱ्याचे पडे. त्यामुळे पेढीच्या इतिहासावरून बंदुकीचे साल ठरवणे आणि तेच नोंदवहीत उतरवणे ही घोडचूक ठरते. दुकान दशकानुदशके चालते. बंदूक एका विशिष्ट वर्षी घडते.

खरा पुरावा झाकलेला असतो. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, परवानाधारक कारागिराच्या हातून दुनळीचा पुढचा लाकडी भाग काढला आणि नळ्या उतरवल्या, की त्यांच्या तळाच्या चपट्या भागावर चाचणीगृहाचे ठसे दिसतात. बर्मिंगहॅमच्या ठशात मुकुटाखाली फुलीसारखे दोन राजदंड असतील तर चाचणी १९०४ पूर्वीची. मुकुटाखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’, ‘एनपी’ ही रोमन अक्षरे असतील तर त्यानंतरची. ‘नॉट फॉर बॉल’ हे शब्द तोंडाशी आवळलेल्या नळ्यांवर १८७५ ते १८८७ या काळात उमटवले जात, म्हणून ते फार मोलाचे. नळीवरची नागमोडी दमिश्की नक्षी मात्र फसवी: पोलादी नळ्या रुळल्यावरही तशा नळ्यांच्या स्वस्त बंदुका विकल्या जात होत्या.

काडतुसाचा व्यासही बोलतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने .४५० व्यासाच्या रायफलींना हिंदुस्थानात बंदी केली आणि बंदूकवाल्यांनी .४६५, .४७० असे नवे व्यास काढले. हे व्यास दिसले की रायफल त्या बंदीनंतरची समजावी.

ऑस्ट्रियन रायफलींची गोष्ट अधिक सोपी, कारण श्टायरच्या कारखान्याने आपले नाव वेळोवेळी बदलले आणि ते रायफलींवर उतरत गेले. योझेफ व्हेर्न्डल यांची ही पेढी १८६४ची. १८६९ला ती ‘ओस्टररायखिशे वाफेनफाब्रिक्स-गेझेलशाफ्ट’ झाली, १९२६ला ‘श्टायर-व्हेर्के’ आणि १९३४ला ‘श्टायर-डाइमलर-पुख’. येथील प्रसिद्ध मानलिखर-शोनाउअर शिकारी रायफल १९०३ची. तिच्यात पाच काडतुसांचे फिरते मॅगझिन असते. पुढे १९०५, १९०८ आणि १९१० असे नमुने निघाले. नळीच्या मागच्या कड्यावर ‘१९०८’ दिसले तर तो नमुन्याचा आकडा असतो. त्याला निर्मितीचे साल मानण्याची चूक सर्रास होते आणि एकदा छापील यादीत शिरली की निघता निघत नाही.

ऑस्ट्रियातल्याच फेर्लाख गावच्या हातघडणीच्या बंदुकांवर चाचणीचा अनुक्रमांक आणि सालाचे शेवटचे दोन आकडे टिंबाने जोडलेले असतात, ‘३१४.३४’ म्हणजे १९३४ सालची तीनशे चौदावी चाचणी. इंग्लंडमार्गे आलेल्या परदेशी बंदुकीवर ‘नॉट इंग्लिश मेक’ असेल तर तो ठसा १९२५ ते १९५५मधला. येथे एक पथ्य पाळावे: जुनी बंदूक नव्या दारूसाठी पुन्हा तपासली गेली असू शकते. तेव्हा वयाचा निर्णय सर्वांत जुन्या ठशावर करावा आणि नंतरचा ठसा फेरतपासणी म्हणून वेगळा लिहावा.

हे ठसे अतिशय उथळ असतात. एमरी कागद किंवा तारेच्या ब्रशने गंज काढला की पुरावाच खरवडून जातो, आणि तो परत मिळत नाही. हलके तेल, मऊ कापड, तिरपा उजेड आणि जवळून काढलेले छायाचित्र पुरते. नोंद करताना नळीवरचा मजकूर एका रकान्यात, नळीखालचे ठसे दुसऱ्यात आणि त्यांवरून काढलेला काळ तिसऱ्यात लिहावा. ‘१९०४ ते १९२५च्या दरम्यान’ ही प्रामाणिक नोंद ‘अंदाजे १९१०’पेक्षा शंभरपटींनी उपयोगी आहे.

कालनिर्णयाला कायद्याचेही वजन आहे. शंभर वर्षांची ऐतिहासिक वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि तिची खासगी निर्यात होत नाही. त्याच वेळी १९५९च्या शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमातली सूट केवळ वयावर मिळत नाही. शस्त्र दुरुस्त करूनही चालण्याजोगे नसावे लागते. चालू स्थितीतली, १९०५ साली घडलेली मानलिखर म्हणूनच एकाच वेळी पुरावस्तूही ठरते आणि परवान्याचे शस्त्रही, आणि नोंदवहीत तिच्या दोन्ही बाजू लिहिलेल्या असाव्या लागतात.