बाहुली गेली, टोपली राहिली

भाद्रपदी पौर्णिमेस मुक्ताईनगरच्या, म्हणजे जुन्या एदलाबादच्या, परिसरात मुलींची भुलाबाई बसते. पुढे महिनाभर रोज सायंकाळी मुली अंगणात जमतात, गाणी म्हणतात, झाकून आणलेला खाऊ ओळखतात. आणि आश्विनी पौर्णिमेस ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करून तिला निरोप देतात. सुगीच्या तोंडावरचा हा खेळ. दीक्षा घेतलेल्या कुटुंबांतून आता प्रश्न निघतो की, ही भुलाबाई घरात राहू द्यावी काय?

भुलाबाई ही पार्वती व भुलोबा हा शंकर. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी जनसमुदायास ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत गौरी-गणपतीस देव न मानण्याची व त्यांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा आहे. तेव्हा मूर्ती मांडून पूजणे बौद्धाच्या घरी शोभत नाही. येथवर घरातील वडीलधाऱ्यांशी आमचा वाद नाही.

परंतु ज्या बापाने लेकीची मातीची बाहुली उचलून नदीत टाकली, तोच बाप दसऱ्यास पाटलाच्या दारी 'मान' घेण्यास उभा राहतो, आणि रास झाली की बायकोच्या हाती टोपली देऊन तिला खळ्यावर धाडतो! असे करणारी घरे आपल्यात आहेत, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सकाळी त्रिशरण आणि सायंकाळी जोहार, हा कोणता धम्म? बावीस प्रतिज्ञा काय केवळ लहान मुलींकरिताच होत्या?

हा 'मान' म्हणजे काय, ते नीट पाहावे. जुन्या गावगाड्यात अनेक गावी दसऱ्याच्या रेड्याची कामे महारवाड्याकडे असत. मेलेली ढोरे ओढणे, सरकारी टपाल पोचविणे, रात्रीची राखण ही बारमाही वेठ निराळीच. तिचा मोबदला म्हणजे खळ्यावरचे बलुते, तेही देणाऱ्याच्या मर्जीने. ह्या वतनी गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्यान्वये १ ऑगस्ट १९५९ पासून ही वतने रद्द झाली. कायद्याने जे पुरले, ते आम्ही आपल्या हातांनी उकरून काढतो आणि त्यास परंपरा म्हणतो!

"आम्ही मागत नाही, ते प्रेमाने देतात," असे आम्हांस ऐकविले जाते. प्रेमाने देणारा आपल्या ओसरीवर बसवून ताटात वाढतो. उंबऱ्याबाहेर उभे करून टोपलीत टाकीत नाही.

मुलींचे म्हणाल तर, दिवसभर निंदणी-वेचणी करणाऱ्या मुलीस वर्षातून हाच एक महिना सायंकाळी मोकळा मिळतो. तो हिसकावून मोबदल्यात काही न दिल्यास ती दुसऱ्याच्या अंगणात जाऊन मागल्या रांगेत उभी राहील, आणि तो दोष तिचा नव्हे. आपला वर्षावासही ह्याच आश्विनी पौर्णिमेस संपतो. मुलींनी त्याच अंगणात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथाचे रोज एक पान मोठ्याने वाचावे, भीमगीते म्हणावी, आणि खाऊ अवश्य ओळखावा. खाऊ ओळखण्यात कोणता देव आडवा येतो? ज्वारीचा मांडवही खुशाल घालावा. ती ज्वारी आमच्याच घामाची आहे. वर्षावासानंतरच्या महिन्यात भिक्खूंस चीवरदान होते. ज्या खानदेशात आमच्या आयाबहिणी कापूस वेचतात, तेथील कुटुंबांनी वर्गणी काढून एक चीवर द्यावे. सुगीचा सण म्हणून हा काय कमी आहे?

टोपली नाकारल्यास पाटील कामावर घेणार नाही, हे बापाचे भय मात्र खोटे नव्हे. त्यास आमचे सांगणे असे. वेठ घेणे वा जनावराचे प्रेत उचलण्यास भाग पाडणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि बहिष्कार घालणे अथवा त्याची धमकी देणे हाही २०१५ च्या दुरुस्तीने स्पष्टपणे गुन्हा ठरला आहे. १९९० पासून बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश असल्याने धर्मांतरामुळे हे संरक्षण जात नाही. कोणी काम तोडल्यास दिवस, जागा व हजर असलेल्यांची नावे त्याच रात्री लिहून ठेवावी, दुसऱ्या दिवशी चार माणसे बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्यावी, आणि तिची नक्कल मागून घेतल्याशिवाय तेथून उठू नये.